उजवा हात पेटीचा, डावा हात कोरा: बासष्टाव्या वर्षी पियानो शिकतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शैलाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ठाण्यात राहतात. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पियानोचा पहिला धडा घेतला तेव्हा वय 62. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला.

त्या नवशिक्या होत्या हे अर्धंच खरं. सोसायटीच्या भजनी मंडळात वीसेक वर्षं पेटीची साथ त्याच करत होत्या. रीतसर शिक्षण नाही, पण कान पक्का. नवीन चाल दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा हातात. मंडळातल्या बायकांच्या गळ्याला सोयीची म्हणून पट्टी कायम काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी हा सा. सारेगम बोटांत मुरलेली. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं लेखन, मात्र कधी पाहिलेलंही नाही.

जून 2022 मध्ये मुलीने घरात पडून असलेला 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आणून दिला आणि जवळच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. आठवड्याला 45 मिनिटांचा एक धडा. शिक्षक तिशीतले, वांद्र्याचे, मूळ गोव्याचे. ते त्यांना ‘आंटी’ म्हणत, त्या त्यांना ‘सर’. क्लासमधले बाकीचे विद्यार्थी सात ते चौदा वर्षांचे आणि जवळजवळ सगळे परदेशी मंडळांच्या ग्रेड परीक्षांच्या तयारीत. शैलाताईंनाही मुलांचंच पहिलं पुस्तक मिळालं.

शिक्षकांविषयी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचा घोळ तिच्याशी जोडलेला आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवण्याची जुनी परंपरा आहे, आणि या सरांच्या घरात ती चालत आलेली होती. अक्षरओळखीच्या वयातच ते स्वर वाचायला शिकले. न वाचता वाजवणारा माणूस कसा विचार करतो, हे त्यांना कधी पाहावंच लागलं नव्हतं.

काय बिघडत होतं

पहिले पाच महिने सगळं उत्तम दिसत होतं. मुलांना जो धडा तीन आठवडे लागतो तो शैलाताई एका आठवड्यात बसवून येत. मग दोन्ही हात वेगवेगळे चालणारा पहिला धडा आला आणि गाडी तिथेच अडली. आठ मापांचा (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) तो धडा सहा आठवडे चालला आणि शेवटी सोडून द्यावा लागला.

दिसणारी लक्षणं अशी होती. डाव्या हाताचा स्वर बदलला की उजवा थांबायचा. चूक झाली की त्या पहिल्या मापापासून पुन्हा सुरुवात करायच्या, त्यामुळे पहिली दोन मापं गुळगुळीत आणि शेवटची दोन कच्ची. सगळे स्वर एकाच जोराने वाजत. चाल बरोबर, पण सपाट. वाजवताना मान मागे जाऊन हनुवटी वर होत असे. अर्ध्या तासाने उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा, तो त्यांनी बरेच दिवस कुणाला सांगितलाच नाही.

सरांचं पहिलं मत होतं, ‘वय झालंय, बोटं कडक झाली आहेत.’ त्यावर उपाय म्हणून रोज अर्धा तास हॅननसारखे बोटांचे व्यायाम दिले. सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महागात पडलेला निर्णय. ठणका दोन आठवड्यांत वाढला आणि अडलेला धडा होता तिथेच राहिला.

तपासणी

जानेवारी 2023 मध्ये सरांनी क्लासमधल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेला धडा पाहायला बोलावलं. त्यांनी व्यायाम, स्केल काहीच वाजवून घेतलं नाही. फक्त तीन गोष्टी करायला सांगितल्या.

पहिली: कधीही न ऐकलेली चार मापं समोर ठेवली. फक्त उजवा हात, पाचच स्वर, अगदी पहिल्या महिन्याच्या पातळीची. शैलाताईंना पहिला स्वर सापडायला वेळ लागला आणि पुढचे त्या रेघा मोजत शोधत राहिल्या.

दुसरी: पाठ असलेल्या धड्यात पाचव्या मापापासून सुरू करा. जमलं नाही. मनात चाल पहिल्यापासून गुणगुणून तिथे पोचल्यावरच बोट पडलं.

तिसरी: डावा हात एकटा, बंद झाकणावर, एक ते पाच बोटं ओळीने आपटा. चौथं आणि पाचवं बोट एकत्रच खाली येत होतं. उजव्या हाताचं मात्र सुटं, झपझप.

निदान तिथल्या तिथे झालं. त्या वाचत नव्हत्या. सर नवीन धडा आधी स्वतः वाजवून दाखवायचे. शैलाताई तो कानाने उचलायच्या आणि समोरच्या कागदाकडे फक्त बघत बसायच्या. पुस्तकात स्वरांखाली पेन्सिलने सा रे ग लिहिलेलं होतं, तेही घरी जाऊन आठवणीतून. एका ओळीची चाल कानाने उचलता येते, पण दोन स्वतंत्र ओळी एकाच वेळी उचलणं ही वेगळी आणि बरीच अवघड गोष्ट आहे. म्हणून पाच महिने लपलेली उणीव नेमकी त्या धड्यापाशी उघडी पडली. मुलांकडे असा कान नसतो, त्यांना वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यामुळे ‘आधी वाजवून दाखवा’ या पद्धतीने त्यांचं फारसं बिघडत नाही.

दुसरा भाग पेटीचा. पेटीवर डावा हात भात्यावर असतो. उजव्या हाताला वीस वर्षांचा सराव, डाव्याला पट्ट्यांचा शून्य. शिवाय पेटीत आवाजाचा चढउतार भाता करतो, बोट किती जोरात पडलं याचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि पट्टी दाबून धरली तोवर सूर टिकतो. पियानोत उलट. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते, तेवढ्या प्रवासातला वेग आवाज ठरवतो. हातोडी तारेला लागून परत आली की पुढे कितीही दाबलं तरी काही होत नाही. पट्टी खाली ठेवायला जेमतेम 50 ग्रॅमचं वजन पुरतं. शैलाताई पेटीच्या सवयीने सूर टिकवण्यासाठी प्रत्येक पट्टी तळाशी रेटून धरत होत्या. अंगठ्याचा ठणका त्यातून होता. व्यायामांनी तो वाढणारच होता, कारण व्यायामांतही त्या तेच करत होत्या.

समोर असलेले पर्याय

एक, आहे तसं चालू ठेवून परीक्षेला बसवणं. सरांचा कल सुरुवातीला इकडे होता. परीक्षांना वयाची अट नसते, आणि एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळाची 2020 पासून सुरू झालेली परफॉर्मन्स ग्रेड तर चार धडे सलग वाजवून त्याचं चित्रीकरण पाठवलं की होते; पाहताक्षणी वाचून वाजवण्याची चाचणी तिथे नाही. शैलाताईंनी चार धडे कानाने बसवून ती पार केलीही असती. ज्येष्ठ शिक्षिकेचा आक्षेप नेमका हाच होता: जी उणीव भरून काढायची, ती झाकूनच प्रमाणपत्र मिळेल.

दोन, वाचन सोडून देऊन उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे दोन-तीन स्वर. भजनं, भावगीतं सहा महिन्यांत वाजू लागली असती. हा पर्याय कमी प्रतीचा अजिबात नाही, आणि पेटीवाल्या बहुतेकांना आम्हीही आधी हाच सुचवू.

तीन, मोबाइलवरचं अ‍ॅप, ज्यात वरून रंगीत पट्ट्या पडतात आणि त्या पडतील तसं वाजवायचं. मुलीने पैसे भरून ठेवले होते. त्यात डोळा कागदाच्या ऐवजी पडद्यावरच्या जागेला चिकटतो; वाचन त्यानेही येत नाही.

चार, वाचन पुन्हा पहिल्यापासून, कानाला पूर्ण बंदी घालून.

इथे एक प्रश्न विचारला गेला, जो खरं तर जूनमध्येच विचारायला हवा होता: तुम्हाला नेमकं काय वाजवायचं आहे? शैलाताईंचं उत्तर अनपेक्षितपणे स्पष्ट होतं. भजनं पेटीवर वाजतात, त्यासाठी पियानो नको. न ऐकलेलं काहीतरी कागदावरून उलगडून वाजवता आलं पाहिजे, कुणी आधी दाखवल्याशिवाय. या एका उत्तराने दुसरा आणि तिसरा पर्याय बाद झाला.

चौथ्यातली पूर्ण बंदी मात्र ज्येष्ठ शिक्षिकेने नाकारली, आणि आमच्या मते ते बरोबरच होतं. वीस वर्षांची जमा गोठवून टाकली तर विद्यार्थिनी दोन महिन्यांत घरी बसेल. ठरलं ते असं: दोन वेगळे रूळ. वाचनाचं साहित्य वेगळं, कानाचं वेगळं, आणि एकातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही.

ट्रान्सपोजवरही, म्हणजे कीबोर्डचा सूर सगळाच वर-खाली सरकवण्याच्या सोयीवरही, बरीच चर्चा झाली. बटण दाबून कीबोर्ड काळी चारमध्ये लावला तर पांढऱ्या सीपासून (पेटीची पांढरी एक) वाजवूनही त्यांच्या ओळखीची पट्टी ऐकू येईल, गळा आणि कान दोन्ही सुखावतील. सरांना हे पटलं होतं. पण मग कागदावरचा जी ऐकताना डी शार्पसारखा (काळी दोन) लागतो. घरी एक सूर, क्लासच्या पियानोवर दुसरा. बटणाला हात लावायचा नाही असं ठरलं.

काय केलं

आधी बैठक. कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर होता. टेबल 75 सेंटिमीटर उंच, त्यावर कीबोर्डची जाडी. पट्ट्या 83 सेंटिमीटरवर गेल्या होत्या. खऱ्या पियानोत त्या साधारण 73 वर असतात. दहा सेंटिमीटरच्या फरकाने खांदे दिवसभर वर. खुर्चीवर उशी ठेवून हे सुटत नाही, कारण मग पाय अधांतरी लटकतात. उंची बदलता येणारं बाक घेतलं आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर येईल असं लावलं.

मग चष्मा. कागद डोळ्यांपासून 55 ते 60 सेंटिमीटरवर असतो. प्रोग्रेसिव्ह काचेत या अंतराचा पट्टा अरुंद असतो, म्हणून मान मागे टाकून त्या काचेच्या खालच्या भागातून पाहत होत्या. टेपने अंतर मोजून नेत्रतज्ज्ञांकडे नेलं आणि फक्त त्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. मानदुखी तर गेलीच, पण रेघेवरचा स्वर आणि रेघांमधल्या घरातला स्वर यांतली गल्लतही निम्म्याने कमी झाली. उतारवयात शिकणाऱ्याला ‘लक्ष देऊन बघा’ म्हणण्याआधी हे अंतर मोजावं.

वाद्याचा निर्णय. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड स्प्रिंगवर चालतो, पट्टी पेटीइतकीच हलकी. त्यामुळे पेटीच्या सगळ्या सवयी त्यावर सुखाने नांदत होत्या. जुना अपराइट, म्हणजे उभ्या पेटाऱ्याचा पियानो घ्यावा का, याचाही विचार झाला. एक पाहिलाही. पण 200 किलोच्या पुढचं वजन तिसऱ्या मजल्यावर चढवणं, वर्षातून दोनदा तरी ट्यूनिंग, आणि सर्वांत मोठं म्हणजे पावसाळा. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असावी अशी पियानोची अपेक्षा. ठाण्यात जुलैत ती नव्वदीला टेकते. फेल्ट फुगतं, पट्ट्या अडकतात, साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगून सूर चढतो, पिना गंजतात. मुंबई-गोव्याकडे पियानोच्या पोटात कमी वॅटचा दिवा लावून ठेवतात तो याचसाठी. शेवटी 88 वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला, पन्नास-साठ हजारांच्या घरातला. स्टँड एक्स आकाराचा नको, हे सरांनी बजावलं होतं: तो डुलतो आणि गुडघे अडकतात. लाकडी, चार पायांचा घेतला.

वाचनाचा रूळ असा आखला. रोज चार मापं, न ऐकलेली, सरांनी न वाजवलेली. एकदा उजव्याने, एकदा डाव्याने, आणि मग ते पान बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घ्यायचं नाही, कारण दुसऱ्यांदा कान मदतीला येतो. स्वरांखाली काहीही लिहायला मनाई, फक्त हात सरकतो तिथे बोटाचा आकडा. सगळे स्वर पाठ करण्याऐवजी तीनच खुणेचे: मधला सी, वरच्या स्टाफमध्ये (उजव्या हाताच्या पाच रेघांत) खालून दुसऱ्या रेघेवरचा जी, खालच्या स्टाफमध्ये (डाव्या हाताच्या) वरून दुसऱ्या रेघेवरचा एफ. बाकीचं अंतरावरून: लगतची पायरी की एक सोडून, वर की खाली. वेग कितीही कमी चालेल, पण थांबायचं नाही. चुकीचा स्वर वाजला तरी पुढे जायचं. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं. भजनात चुकलेला सूर सोडून पुढे जाण्यात त्या तरबेज होत्या, इथे मात्र प्रत्येक वेळी मागे वळायच्या.

डाव्या हाताला सहा आठवडे एकट्यालाच काम. त्यात कानाचा रूळ उपयोगी पडला. काळी तीन सा धरला तर भूप रागाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात: सा, रे, ग, प, ध, एकही पांढरी नाही. उजव्या हाताने सा-प धरून ठेवायचे आणि डाव्याने भूपातले अलंकार, दोन दोन, मग तीन तीन स्वरांचे. कागद नाही, घोकंपट्टी नाही, चुकलं तर कान लगेच सांगतो. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर नैसर्गिक पडतात. शोपँ हा पियानोचा मोठा संगीतकारही विद्यार्थ्यांना सी मेजरच्या (सी हा सा धरून सगळे शुद्ध स्वर) आधी जास्त काळ्या पट्ट्यांचं बी मेजर देत असे, ते याच कारणाने. सहा आठवड्यांनी चौथं बोट सुटं पडू लागलं, पाचवं थोडं उशिरा.

हात जोडण्याची कृती दोन-दोन मापांच्या तुकड्यांत, ठरलेल्या क्रमाने. डावा एकटा, मात्रा तोंडाने मोजत. मग डावा पट्ट्यांवर आणि उजव्याची लय मांडीवर थापत. मग दोन्ही हातांचे फक्त तेच स्वर, जे एकाच मात्रेवर पडतात, मधले गाळायचे. मग सगळे, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर. तीनदा सलग नीट आलं तरच 4 ने वाढवायचं. पुढचा तुकडा आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या मापापासून सुरू करायचा, नाहीतर सांध्यावर अडखळतं. आणि तुकडे शेवटाकडून सुरुवातीकडे घ्यायचे, म्हणजे वाजवताना माणूस कच्च्यातून पक्क्याकडे जातो. प्रत्येक तुकड्याला क, ख, ग अशी खूण केली आणि धड्याच्या सुरुवातीला सर कुठलंही एक अक्षर सांगत. तिथून सुरू करायचं.

सारेगमचं काय करायचं, याचंही उत्तर इथेच सापडलं. कागदावरच्या स्वरांना सी, डी, ई. पण पट्टी समजून घेताना सारेगम. जी मेजरच्या सुरुवातीला एफला शार्पची खूण का? कारण जी हा सा धरला की नुसता एफ कोमल नी होतो, शुद्ध नी हवा तर अर्धा सूर वर. एफ मेजरमध्ये बी फ्लॅट का? नुसता बी तिथे तीव्र मध्यम होईल. मुलांना जे कोष्टक घोकावं लागतं ते शैलाताईंना एका धड्यात कळलं. मायनरही तसंच: साधं मायनर म्हणजे आसावरी थाटाचे स्वर, त्यात नी शुद्ध केला की हार्मोनिक मायनर, म्हणजेच कीरवाणीचे स्वर.

रियाजाची वेळ सकाळी 20 मिनिटं, संध्याकाळी 15. आधी त्या एका बैठकीत तासभर बसत आणि रविवारी दोन तास.

अंगठा

मार्चमध्ये ठणका नोकरीसारखा रोजचा झाला. डबा उघडतानाही दुखू लागलं. अस्थिरोगतज्ज्ञांनी अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज सांगितली, सुरुवातीची. दोन आठवडे उजव्या हाताला विश्रांती आणि रात्री पट्टा. मधुमेहात बोट अडकण्याचा, खांदा आखडण्याचा धोका जास्त असतो, म्हणून पुढेही लक्ष ठेवायला सांगितलं.

निर्णयाचा क्षण होता: क्लास थांबवायचा का? सरांनी दोन आठवडे फक्त डावा हात आणि वाचन चालू ठेवलं. योगायोगाने डाव्याला हवा होता तो वेळ मिळाला. त्यानंतर नियम ठरले. सप्तकाची ताण नाही; पांढऱ्या पट्ट्यांवर सप्तकाला सुमारे 16.5 सेंटिमीटर लागतात आणि त्यांचा हात सात पट्ट्यांपुरताच सहज पसरतो, तेव्हा धडे तसेच निवडायचे. पट्टी वाजली की हात सैल. सर मधेच मनगटाखाली बोट घालून उचलून बघत, सहज उचललं गेलं पाहिजे. ठणका वाजवणं थांबवल्यावर तासाभरातही गेला नाही तर दुसऱ्या दिवशी उजव्याला सुट्टी.

रेटून धरण्याची सवय मोडायला वजनदार पट्ट्या मदतीला आल्याच, पण खरा उपाय ऐकण्याचा ठरला: एक स्वर वाजवायचा, बोट जेमतेम टेकवून ठेवायचं आणि तो विझेपर्यंत ऐकायचा. पेटीचा सूर विझत नसतो. पियानोचा सूर आपोआप विझत जातो हे कानाला मान्य झाल्यावर बोटाने रेटणं थांबलं.

निष्पत्ती

डिसेंबर 2024 ची स्थिती. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट, जो बरीच वर्षं बाख या संगीतकाराचा समजला जायचा आणि पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराचा निघाला, शैलाताई दोन्ही हातांनी, मधूनच कुठूनही सुरू करून वाजवतात. वेग मिनिटाला 88 ठोके, त्याहून वर नेला की डावा हात मागे पडतो. हा धडा त्यांनी कागदावरून उलगडला. सरांनी वाजवून दाखवला नव्हता, मात्र चाल त्यांनी कुठेतरी ऐकलेली असणार, त्यामुळे तो वाचनाचा पुरावा मानला नाही. तीन मात्रांचं माप सुरुवातीला त्यांना सुटं सुटं वाटायचं. दोन मापं जोडून दादऱ्याच्या सहा मात्रा धरल्यावर चाल सुटली. मिन्युएट नाचाचं पाऊलही दोन मापांत, सहा मात्रांतच पुरं होतं.

न ऐकलेलं वाचून वाजवणं वाजवण्याच्या पातळीपेक्षा अजून बरंच मागे आहे. एका हाताचं व्यवस्थित, दोन्ही हातांचं फक्त जिथे डावा लांब स्वर धरून असतो तिथे. जवळजवळ दोन वर्षांच्या वाचनानंतर हे ठीक म्हणायचं. पण शैलाताईंना ते ठीक वाटत नाही.

चढउतार अजून भित्रा आहे. हेडफोनवर जास्त आवाज ठेवून वाजवलं की बोटं आपोआप मऊ पडतात आणि क्लासच्या पियानोवर ऐकूच येत नाही. आता आठवड्यातून तीन दिवस हेडफोनशिवाय. उलटा परिणामही दिसला: भजनात त्यांची बोटं पेटीवर जोरात पडू लागली आणि पट्ट्यांची खटखट ऐकू येते अशी तक्रार मंडळातून आली.

अंगठा पूर्ण बरा नाही, होणारही नाही; वाजवण्याच्या आड येत नाही एवढंच.

परीक्षा दिली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

न ऐकलेली चार मापं समोर ठेवण्याची चाचणी पहिल्याच धड्यात घेता आली असती. पाच मिनिटं लागतात. ज्या विद्यार्थ्याला पेटी, बासरी, गाणं काहीही येतं त्याला ती घ्यायलाच हवी, आणि तो जितका झपाट्याने पुढे जाताना दिसेल तितकी ती पुन्हा पुन्हा घ्यावी.

‘आधी मी वाजवून दाखवतो’ ही सवय सरांनी या विद्यार्थिनीपुरती सोडली. सगळ्यांसाठी सोडायला हवी का, यावर क्लासमध्ये अजून एकमत नाही. ज्येष्ठ शिक्षिकेचं म्हणणं, वाजवून दाखवा, पण विद्यार्थ्याने स्वतः एकदा वाचून झाल्यावर. सरांचा मुद्दा असा की सात वर्षांच्या मुलाला आधी चाल आवडल्याशिवाय तो कागदाकडे बघतच नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वय बदललं की क्रम बदलतो.

डाव्या हाताचे सहा एकटे आठवडे सुरुवातीला द्यायला हवे होते. पेटीवाल्याचा उजवा हात आधी शिकवण्यात काहीच हशील नाही.

वाद्याच्या बाबतीत आमचं मत थोडं कडक आहे. हलक्या पट्ट्यांवर सहा महिने घालवून मग वजनदार पट्ट्यांवर येणं हे तरुण हाताला चालून जातं. साठीच्या पुढे चुकीची सवय मोडण्याचा खर्च सांध्यांतून वसूल होतो. पैसे एकदम घालायचे नसतील तर तीन महिने क्लासच्या पियानोवरच आठवड्यातून तीनदा अर्धा तास वाजवावं, आणि घरी वाचन आणि लय मांडीवर.

दुखणं लपवण्याबद्दल शैलाताईंना दोष देणं सोपं आहे. पण क्लासमध्ये ‘कुठे दुखतंय का’ हा प्रश्न मुलांना विचारला जात नाही, म्हणून त्यांनाही विचारला गेला नाही. आता वयस्क विद्यार्थ्यांच्या वहीत प्रत्येक धड्याच्या वर एक रकाना आहे: हात, मान, कंबर.

पुढचा प्रश्न पेडलचा आहे. टाच जमिनीवर ठेवून पाय दाबायचा, तर त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. बाक चार सेंटिमीटर मागे घेऊन पाहायचं ठरलं आहे. न जमल्यास पेडल न लागणारे धडे अजून एक वर्ष पुरतील इतके सरांकडे आहेत.